तीन महिन्यांची लाल

"पंखे बंद करा," खांबेटे म्हणाले.

मे महिन्याची दुपार, डोक्यावर पत्रा, आणि हा माणूस पंखे बंद करायला सांगतो. हेमराजनं, माझ्या लेकानं, मुकाट्यानं बटणं खाली केली. मग खांबेटे म्हणाले, दारही ओढून घ्या, वाऱ्यानं वास उडतो. दारही लागलं. ज्या शेडमध्ये आम्ही द्राक्षं पेट्यांत भरतो, त्या शेडमध्ये आम्ही पाच माणसं, एक लांब टेबल, त्यावर माझ्या पेटीतली पांढरी चादर आणि चादरीवर उंच पायांचे काचेचे ग्लास. टेबलाच्या डोक्याशी हातांची खुर्ची होती. ती माझी. मी बसल्याशिवाय आमच्या घरात कशाला सुरुवात होत नसे आणि मी उठल्याशिवाय कुणी उठत नसे. त्या दिवशी त्या खुर्चीच्या दोन्ही हातांनी मला कोंडून धरल्यासारखं झालं होतं. पण मान ताठ ठेवली. ती सवयच.

"थुंकायला ही बादली," तेजस्विनी म्हणाली आणि स्टीलची बादली टेबलाखाली सरकवली.

"थुंकायचीच तर तोंडात घ्यायची कशाला?" पोपटनाना म्हणाले. हे माझे धाकटे दीर. बाग अर्धी त्यांची, आवाज मात्र सगळ्या गावाचा. "आमच्या बापानं तोंडातलं कधी थुंकलं नाही."

"मामंजींनी जन्मात ताकाशिवाय काही प्यायलं नाही, नाना," मी म्हटलं. "त्यांना कशाला बादलीपाशी आणता?"

खांबेटे हसले. हसताना त्यांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं, आणि मी नजर ग्लासांकडं वळवली.

खांबेटे पुण्याचे. तिकडं त्यांची वाइनची बरीच दुकानं. त्यांना एक लाल हवी होती. मुरवलेली, लाकडी पिंपात वर्षभर निजवलेली नको. ताजी, त्याच साली संपवायची, शाळेतल्या मास्तरानंही शनिवारी घरी नेताना दोनदा विचार करू नये अशा किमतीची. अशी लाल करायची हे डोकं माझ्या सुनेचं. तेजस्विनी तासगावची, बेदाणेवाल्यांची पोर, वाइनचं शिक्षण घेऊन आलेली. आमच्या वाइनरीत नाशिकचा एक मास्तर यायचा, पांढरी वाइन करून जायचा. ही चार वर्षं मागं लागली होती, मला एक टाकी द्या. त्या साली दिली. शिराजची, काळ्या द्राक्षाची, एक टाकी. देताना नानांनी सगळ्यांसमोर अट घातली: टाकी पास झाली तर वाइनरी सूनबाईंच्या हाती. बिघडली तर मास्तर कायमचा, आणि सूनबाईंनी परत टाकीकडं बघायचं नाही, घर बघायचं.

तेजस्विनी 'बरं' म्हणाली होती. खोलीत नवऱ्याला तिनं काय सांगितलं तेही मला कळलं होतं. घर बघायला मी शिकले नाही, तसं झालं तर मी तासगावला जाईन. भिंती पातळ असतात.

खांबेट्यांनी ग्लास उचलला, तिरका धरला, चादरीच्या पांढऱ्यावर रंग पाहिला. मग ग्लास गोल फिरवून नाक आत घातलं. घोट घेतला, तोंडात खुळखुळवला, बादलीत टाकला. शेडमध्ये पत्रा तडतडल्याचा तेवढा आवाज.

"रंग सुरेख आहे," ते म्हणाले.

पोरीत सांगण्यासारखं दुसरं काही नसलं की बघायला आलेले लोक असंच सुरू करतात. रंग गोरा आहे.

"पण?" तेजस्विनीनं विचारलं.

"पण हिरवी आहे, बाई. हिरव्या मिरचीचं देठ मोडल्यावर वास येतो ना, तसा येतोय. आणि शेवट कडू."

"मला तर ते खोकल्याचं औषध लागलं," नाना म्हणाले. त्यांनी घोट गिळून टाकला होता. "लहानपणी डॉक्टर द्यायचा ते. लाल बाटलीतलं."

"नाना, त्या औषधानं तुम्ही बरे व्हायचात की नाही?" हेमराज म्हणाला. "मला बरी लागतेय. जांभळासारखी. जांभूळ खाल्लं की जीभ ओढते, तशी."

"तुला बायकोनं केलेलं सगळंच बरं लागतं."

"मग काय तुमच्यासारखं पंगतीत बसून भाजीला नावं ठेवू?"

"साहेब," तेजस्विनी मध्येच म्हणाली, "तीन महिन्यांची आहे. तरुण आहे. नुसती घेतली तर टोचणारच. मटणाच्या रश्श्याबरोबर घ्या, तळलेल्या मासळीबरोबर घ्या, हाच टोचरेपणा कामाला येतो. पावसाळ्यापर्यंत अजून खाली बसेल."

खांबेट्यांनी पुन्हा एक घोट घेतला. माणूस प्रामाणिक होता, घाईनं बोलत नव्हता. "तरुण वेगळं आणि कच्चं वेगळं," ते म्हणाले. "तरुण असती तर खोडकर लागली असती. ही रुसून बसलीय. आता हे टाकीत झालं, आंबवताना चूक झाली, की मुळात द्राक्षातच होतं, एवढंच मला कळायला हवं. हात चुकला असेल तर मी या हाताकडून पुढंही माल घेणार नाही. स्पष्ट सांगतो."

"द्राक्षात?" नाना खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, आमच्या द्राक्षाला नाव ठेवू नका. कात्री कुणाच्या शब्दावर लागते माहिताय का तुम्हाला?" त्यांनी हात माझ्याकडं केला. "उगाच भांडतोय आपण. वहिनी बसल्यात ना इथं. त्यांना विचारा. त्यांच्या जिभेवर आमचा हा सगळा पसारा उभा आहे."

"ऐकून आहे मी," खांबेटे म्हणाले. "म्हणून तर जिजी हव्यात म्हणून निरोप दिला होता."

सगळे माझ्याकडं वळले. घाम माझ्या मानेवरून पाठीत उतरला.

माझी जीभ म्हणजे काय होती, ते सांगायला हवं. मी तिसरीपर्यंत शिकले. सही करते, पाटी वाचते, पुढं अंधार. पण माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली बागेत पहिली द्राक्षं लागली, मी सहज एक मणी तोंडात टाकला, बी चावली आणि म्हणाले, अजून सहा दिवस. मामंजी हसले. मग कुतूहल म्हणून एक ओळ सहा दिवसांनी तोडली, बाकीची आधी. त्या एका ओळीला व्यापाऱ्यानं वेगळा भाव दिला. तेव्हापासून कात्री माझ्या शब्दावर. मी पहाटे बागेत जायची, डोळे मिटायची, मणी फोडायची, रस गिळायची, बी दाढेखाली धरायची. पिकलेली बी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते, कच्ची असेल तर कडुलिंब. बीचा रंग मी कधी बघितला नाही. रंग बघायचा म्हणजे जिभेवर भरवसा नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची. शेजारच्या गावांतून लोक घड घेऊन यायचे. जिजी, चावून सांगा. जिभेसाठी मी मिश्री सोडली, तोंड पोळेल असा चहा सोडला. नवरा गेला, तरी माझा मान एका दाण्यानं कमी झाला नाही, तो या जिभेमुळं.

आणि आदल्याच्या आदल्या दिवाळीत मला ताप आला. आठ दिवस होता. उतरला. नवव्या दिवशी चुलीवर दूध उतू जाऊन जळलं, पातेलं काळं झालं आणि मी तिथंच बसून शेंगा निवडत होते. नात ओरडत आली, "जिजी, घरभर वास सुटलाय!" मला काही येत नव्हता. मी गुळाचा खडा तोंडात टाकला. दगड चोखल्यासारखं झालं. मीठ टाकलं. वाळू. कारल्याची फोड चावली, ती काकडी म्हणूनही खपली असती.

कुणाला सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत महिने गेले. स्वयंपाक हाताच्या अंदाजानं करत राहिले. चाळीस वर्षांचा हात, तो सहसा चुकत नाही. कुणी म्हणालं, जिजी, आमटी चाखून बघता का, तर मी म्हणायचे, "आधी देवाला, मग जिभेला." नैवेद्याचं कुणी चाखत नाही. तेव्हापासून आमच्या घरी रोजचाच स्वयंपाक नैवेद्याचा झाला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीची भक्ती वाढली. देवाला आड करून मी दीड वर्ष काढलं.

आता समोर ग्लास होता.

मी उचलला. खांबेट्यांनी केलं तसं नाकापाशी धरला. काचेचा गारवा तेवढा लागला. घोट घेतला. आधी गार. मग घशाशी थोडा चटका. मग हिरड्या आणि जीभ कुणीतरी खादीच्या फडक्यानं पुसून कोरडी करावी तशी ओढ. बस. मिरचीचं देठ नाही, जांभूळ नाही, खोकल्याचं औषध नाही. बाकी चौघांत भांडण लागलं होतं, आणि ज्यावर भांडत होते ते माझ्या तोंडात नव्हतंच.

मी बादलीत थुंकले. पदरानं ओठ टिपले.

"काय म्हणता, जिजी?" खांबेटे पुढं वाकले.

"आधी जेवून घ्या. रस्सा तयार आहे. रिकाम्या पोटी काय निकाल लावायचा?"

"जेवलो की जीभ बोथट होते. आधीच सांगा."

"गरमी फार आहे. पंखा लावा रे."

"दोनच मिनिटं, जिजी," हेमराज म्हणाला. लेकाचा आवाज लाडाचा होता. त्याला वाटत होतं, आता आई बोलेल आणि त्याच्या बायकोची सुटका होईल.

खांबेट्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, कागदात गुंडाळलेली. "हीसुद्धा ताजी लाल, दुसऱ्या भागातली," ते म्हणाले. "मावशी, राग मानू नका. लोक तुमच्याबद्दल इतकं सांगतात, मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. एका ग्लासात ही, एकात तुमची. ओळखलीत, तर तुम्ही पुढं जे बोलाल ते मी मान्य करीन. कोण चुकलं तेही, आणि माल घ्यायचा की नाही तेही."

"अहो साहेब," नाना म्हणाले, "मांजराला दूध ओळखायला लावताय!"

तेजस्विनीनं कोपऱ्यातल्या टेबलाकडं जाऊन, आमच्याकडं पाठ करून दोन ग्लास भरले. खांबेटे तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, बाटल्या बघून परत आले. तिनं दोन्ही ग्लास माझ्यापुढं आणून ठेवले. रंग सारखा, उंची सारखी.

मी पहिल्यातून घेतलं. गार, चटका, ओढ. दुसऱ्यातून घेतलं. गार, चटका, ओढ. दुसऱ्यात ओढ जास्त होती की मला भास होत होता, काही कळेना. दार बंद, पंखे बंद, खुर्चीचे हात दोन बाजूंना. खोटं बोलायचं तरी कुठलं बोलायचं? दोनांतलं एक. चुकलं तर चाळीस वर्षं गेली.

मी मान वर केली, वेळ काढायला म्हणून. तेजस्विनी खांबेट्यांच्या मागं उभी होती. तिनं ग्लासवरचा थेंब पुसायचा म्हणून हात पुढं केला आणि उजवीकडचा ग्लास माझ्याकडं बोटभर सरकवला. मग हात मागं घेतला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली. सुनेनं सासूकडं तसं बघू नये.

तिला माहीत होतं.

उन्हाळ्यात विहिरीत दोर सोडावा आणि पोहरा एकदम तळाच्या दगडावर आपटावा, तसं मला झालं. पण आधी मी काय केलं ते ऐका, कारण त्याची मला जास्त लाज आहे. मी तो उजवा ग्लास उचलला, परत एक घोट घेतला, डोळे मिटले, अगदी बागेत मिटायची तसे, आणि म्हणाले, "हा आमचा."

नानांनी टेबलावर थाप मारली. ग्लास हलले. "जीभ आहे की काय आहे! बघा साहेब, बघा!"

खांबेट्यांनी दोन्ही हात जोडले. हेमराज हसत होता. मी खुर्चीत आणखी ताठ झाले. त्या क्षणी मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

"आता सांगा, जिजी," खांबेटे म्हणाले. "हा हिरवा वास हाताचा की द्राक्षाचा?"

"द्राक्षाचा कसा असेल?" नाना म्हणाले. "कात्री तर वहिनींनीच लावायला सांगितली. त्यांचा शब्द कधी आठ आण्यानं चुकला नाही. चूक टाकीची. सूनबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण पुस्तकात वाचून गूळ होत नाही."

तेजस्विनी चादरीवर सांडलेले थेंब टिपू लागली. तिला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं तिनं, की नाना, फेब्रुवारीत बागेत काय झालं ते आठवा.

फेब्रुवारीत झालं ते असं. शिराजच्या ओळीत आम्ही सगळे उभे होतो. तेजस्विनीकडं गोडी मोजायची नळी असते, मण्याचा रस टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "गोडी आली आहे, पण बिया हिरव्या आहेत. आठ दिवस थांबू." नाना म्हणाले, तोडणीची माणसं पेठ तालुक्याकडची, सणाला परत जायचं म्हणतात, थांबता येणार नाही. मग नेहमीसारखं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले. मणी फोडला. बी दाढेखाली धरली. चव नव्हतीच, पण दाढेला कळलं. पिकलेली बी कट्कन फुटते. ही फुटली नाही, चेंगरली. मला तेव्हाच कळलं होतं. थांबा म्हणाले असते तर बरोबर ठरले असते. पण थांबा तर तिनं आधीच म्हटलं होतं. तिच्या मागून मी थांबा म्हणायचं म्हणजे तिचं ऐकल्यासारखं झालं असतं. आणि जीभ गेल्यापासून मला त्या नळीची धास्ती बसली होती. आज ती नळी बरोबर ठरली, तर उद्या मला कोण विचारील?

मी बी थुंकले आणि म्हणाले, "उद्या कात्री लावा." तिनं तोंड उघडलं तर म्हणाले, "माझ्या जिभेपुढं तुझी नळी? तासगावला बेदाणे वाळवा जा." तोडणीच्या बायका फिदीफिदी हसल्या होत्या.

"जिजी?" खांबेटे वाट बघत होते.

झाकली मूठ होती. झाकलेलीच ठेवायची होती, एका शब्दाचं काम होतं. 'हाताचा' म्हटलं की सगळं जिथल्या तिथं. माझा मान, नानांची खुशी. आणि तो शब्द मला कुणाच्या जोरावर बोलता येणार होता? तिनंच बोटभर सरकवलेल्या ग्लासाच्या.

"द्राक्षाचा," मी म्हटलं.

नानांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"द्राक्ष कच्चं होतं. मी कच्चं तोडायला लावलं. ही थांबा म्हणत होती."

"वहिनी, तिला वाचवायला म्हणून काही बोलू नका—"

"मी आजपर्यंत कुणाला वाचवलंय, नाना? तुम्हाला तरी वाचवलं का कधी?" माझा आवाज चढला. चढलेला आवाज मला बरा असतो, त्याच्या आड लपता येतं. मग तोही खाली आला. "मला चव लागत नाही. दीड वर्ष झालं. त्या तापात गेली. गूळ, मीठ, कारलं, सगळं सारखं. हे दोन्ही ग्लास मला सारखे आहेत."

"मग ओळखलंत कसं?" खांबेट्यांनी विचारलं.

"तिनं सरकवला."

पत्रा तडतडत होता. हेमराजचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "दीड वर्ष आम्ही देव उठून गेलेल्या देवळात कौल लावत होतो?"

लग्न होऊन आल्यापासून नानांच्या कुठल्याही बोलण्याला माझ्याकडं उत्तर नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

खांबेट्यांनी आपली बाटली कागदात परत गुंडाळली. त्यांनी मला काही दूषण दिलं नाही, ते मला जास्त लागलं. ते तेजस्विनीला म्हणाले, "ही मी घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक कारणं ऐकत नाही, बाई. पण कच्च्या द्राक्षातून इतपत काढलंत, तर हात चांगला आहे. पुढच्या साली कात्री कोण लावणार?"

सगळे सवयीनं माझ्याकडं बघत होते.

"ती," मी म्हटलं.

"मग मला फोन करा," खांबेटे म्हणाले आणि स्वतःच जाऊन दार उघडलं. जेवायला थांबले नाहीत.

नाना दारापर्यंत जाऊन परत आले. "पण अट अट असते. टाकी काही पास झाली नाही."

"टाकी तिच्या हातानं बिघडली तर, अशी अट होती. ती माझ्या तोंडानं बिघडली. मास्तर आणायचाच असेल तर आणा, नाना. पण मग आधी गावात जाऊन सांगा, की वहिनींना चव नाही आणि आपण त्यांचंच ऐकून बाग तोडली. सांगाल?"

ते सांगणार नव्हते. त्यांनाही गावात राहायचं होतं. चरफडत निघून गेले. अटीचा विषय नंतर त्यांनी काढला नाही. पण दिवाळीला पाया पडायला आले तेव्हा वाकले नाहीत, नुसते हात जोडले. तेही मी धरून ठेवलं नाही. काय धरणार?

पाच वाजता मी टाक्यांच्या खोलीत गेले. तेजस्विनी ग्लास धूत होती. त्या टाकीचा माल आता टँकरमधून दारू गाळायच्या कारखान्यात जाणार होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"बागेत. तुम्ही बी चावलीत तेव्हा. त्याच घडातली मी आधी चावली होती, तोंड वाकडं झालं माझं. तुमचा चेहरा हललासुद्धा नाही."

"मग तेव्हाच बोलायचंस."

तिनं नळ बंद केला. "कुणाला? जिजींना चव लागत नाही, असं सुनेनं भर बागेत सांगायचं होतं? ह्यांना एकदा सांगितलं. म्हणाले, आईबद्दल असं पुन्हा बोलू नकोस."

"आणि आज सरकवलास ग्लास. माझी अब्रू राखायला?"

"नाही," ती म्हणाली. सरळ म्हणाली. "तुम्ही पडला असता तर माझी वाइनही पडली असती. खांबेटे तुमच्या शब्दावर घेणार होते. मला वाटलं, ओळखलंत तर निदान चांगलं बोलाल." मग ग्लास पालथा घालत म्हणाली, "हे आज बोललात ते फेब्रुवारीत बोलायचं होतं, जिजी. आठ दिवसांचा प्रश्न होता."

मी उभीच होते. जायला पाय उचलत नव्हता आणि थांबायला कारण नव्हतं. मला कुणी असं उभं ठेवलं नव्हतं कधी.

"काहीच लागत नाही?" तिनं विचारलं. मायेनं नाही, डॉक्टर विचारतात तसं.

"गार लागतं. चटका लागतो. आणि ओढ. हिरड्या कोरड्या होतात ती."

"दोन्ही ग्लासांत सारखीच?"

"मला वाटलं, दुसऱ्यात जास्त. पण भरवसा नव्हता."

ती थांबली. हात पुसले. दोन धुतलेले ग्लास घेतले, त्याच टाकीच्या वरच्या आणि तळाच्या तोटीला लावून थोडं थोडं भरलं आणि माझ्यापुढं फळीवर ठेवलं. सारख्या अंतरावर. माप घेतल्यासारखं.

"वास, चव सोडून द्या," ती म्हणाली. "नुसतं सांगा, कुठली जास्त ओढते."

मी पहिल्यातून घेतलं. थांबले. दुसऱ्यातून घेतलं. परत पहिल्यातून. तिच्या चेहऱ्याकडं बघायचा मोह झाला. तिनं पाठ केली होती.

"डावी," मी म्हटलं.

तिनं वही काढली, काहीतरी लिहिलं, वही मिटली.

"बरोबर का गं?"

"उद्या सकाळी परत या," ती म्हणाली. "चहाच्या आधी."

त्याला आता बारा वर्षं झाली. पुढल्या साली कात्री तिनं लावली, खांबेट्यांनी लाल नेली, वाइनरी तिची झाली. बागेत मला कुणी विचारत नाही. पण दर साली टाक्या भरल्या की ती सकाळी चहाच्या आधी मला बोलावते, दोन ग्लास ठेवते, पाठ करते. मी सांगते, ती लिहिते. वह्या आता पाच झाल्यात. फळीवरच असतात. वाचायला मला येत नाही असं तिला वाटत असेल, पण सावकाश लावलं तर मला येतं. मी त्यांतली एकही कधी उघडून बघितलेली नाही.